थांबण्याचा हक्क आणि मागे फिरण्याची मुभा

व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांत एक समजूत इतकी रुजलेली आहे की ती समजूत आहे हेही कोणाच्या ध्यानात येत नाही. ज्या खेळात वाटेल तेथे सेव्ह करता येते तो खेळ सोपा, ज्यात सेव्ह करण्यावर निर्बंध आहेत तो कठीण, आणि कठीण तोच खरा खेळ, असा हा सिद्धान्त आहे. विरुद्ध पक्षाचे लोक म्हणतात, की पैसे खेळाडूने मोजले आहेत, वेळही त्याचाच जातो, तेव्हा त्याला वाटेल तितक्या वेळा सेव्ह करू देण्यात कोणाचे काय बिघडते? हे दोन्ही पक्ष वर्षानुवर्षे एकमेकांशी भांडत आले असले, तरी एक गोष्ट दोघांनीही न तपासता गृहीत धरली आहे. ती ही, की सेव्ह करणे हा एकच व्यवहार आहे, आणि वाद काय तो सढळ हाताने द्यावे की आखडत्या, एवढ्यापुरताच आहे.

माझे म्हणणे असे, की सेव्ह नावाच्या या एका कृतीत दोन सर्वस्वी भिन्न अधिकार एकत्र बांधले गेले आहेत. पहिला अधिकार चालू डाव आहे त्या स्थितीत ठेवून उठून जाण्याचा आणि परत आल्यावर नेमका तेथूनच पुढे चालू करण्याचा. याला मी तहकुबी म्हणतो. दुसरा अधिकार घडून गेलेली गोष्ट न घडल्यासारखी करून आधीच्या स्थितीत परत जाण्याचा. याला मी माघार म्हणतो. तहकुबीचा संबंध खेळाडूच्या आयुष्याशी आहे, खेळाच्या काठिण्याशी नाही, आणि म्हणून ती बिनशर्त मिळाली पाहिजे. माघार ही मात्र खेळाच्या रचनेतील बाब आहे. ती किती, केव्हा आणि कोणत्या किमतीला द्यावी हे ठरविण्यातच रचनाकाराचे कौशल्य आहे. ज्यांनी या दोहोंची गल्लत केली, त्यांनी एक तर माघारीला आळा घालण्याच्या भरात तहकुबी हिरावून घेतली, किंवा तहकुबी देण्याच्या भरात माघारीची दारे सताड उघडी टाकून खेळातील रस घालविला. धाराशिव जिल्ह्यात, जेथे विजेचे येणे-जाणे खेळाडूच्या हाती कधीच नव्हते, तेथे हा भेद ज्याने त्याने अनुभवला आहे. त्याची मांडणी मात्र झालेली नाही.

१. काठिण्य आणि दंड

प्रथम काठिण्य म्हणजे काय ते पाहू. एखादे काम साधण्यासाठी जेवढे अवधान, जेवढी चपळाई, जेवढा विचार लागतो तेवढे ते काम कठीण. ते काम फसले तर काय गमवावे लागते, हा त्याहून वेगळा प्रश्न आहे. त्याला दंड म्हणावे. सेव्हची पद्धत बदलली की बदलतो तो दंड. काठिण्य होते तेथेच राहते.

या जिल्ह्याने खो-खोमध्ये जे नाव मिळविले आहे, भारतीय महिला संघाच्या माजी कर्णधार आणि २०२० सालच्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी सारिका काळे यांच्यासारखे खेळाडू जेथून पुढे आले, त्या खो-खोतच हा भेद स्पष्ट दिसतो. सरावात एखादी मुलगी खांबाजवळ हुलकावणी देताना बाद झाली, तर प्रशिक्षक तिला पुन्हा त्याच जागी उभी करतात आणि तीच हुलकावणी पुन्हा पुन्हा करवून घेतात. सामन्यात तीच मुलगी त्याच खांबाजवळ बाद झाली तर ती मैदानाबाहेर जाते, तिच्या तुकडीतील उरलेल्यांवर भार पडतो, आणि घड्याळ कोणासाठी थांबत नाही. खांब तोच, अंतर तेच, पाठलाग करणारीचा वेगही तोच. हुलकावणी सरावात सोपी आणि सामन्यात अवघड असे काही झालेले नाही. बदलली ती फक्त चुकीची किंमत. आणि म्हणून सामन्यात छाती धडधडते, सरावात धडधडत नाही. पण सामन्यात उपयोगी पडणारे कसब मात्र सरावातच, म्हणजे चूक स्वस्त असतानाच, अंगी बाणते.

यावरून दोन गोष्टी निघतात. दंड वाढविला की थरार वाढतो, ही पहिली. दंड वाढविला की शिकणे मंदावते, ही दुसरी. निर्बंधांचे पुरस्कर्ते पहिलीकडेच पाहतात आणि थरारालाच काठिण्य समजतात; त्यांचे विरोधक दुसरीकडेच पाहतात आणि थरार हा आनंदाचा घटक आहे हेच विसरतात.

२. वेठ कोणती आणि कसोटी कोणती

महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावांत सायबर कॅफे निघाले, तेव्हा तेथील संगणकांवर जे खेळ हटकून आढळत, त्यांत 'प्रोजेक्ट आय.जी.आय.' हा अग्रगण्य होता. नॉर्वेच्या इनरलूप स्टुडिओजने केलेला हा खेळ २००० सालच्या डिसेंबरात बाजारात आला. त्यात चौदा मिशने होती आणि मिशन चालू असताना सेव्ह करण्याची कसलीही सोय नव्हती. कुंपण ओलांडून, मनोऱ्यावरील पहारेकऱ्याला टिपून, धोक्याची घंटा न वाजू देता शत्रूच्या तळात खोलवर शिरलेला खेळाडू अखेरच्या दारापाशी एका गोळीने पडला, की मिशन पहिल्या पावलापासून. हा खेळ कठीण होता असे सर्वांच्या स्मरणात आहे. पण ते काठिण्य कशाचे होते, हे कोणी विचारीत नाही.

तळाचा पूर्वार्ध आपण दहा वेळा बिनचूक पार केला असेल, तर अकराव्या वेळी तो पार करण्यात कसले काठिण्य उरते? जे साध्य झाले आहे ते सिद्ध करून दाखविल्याशिवाय जे साध्य व्हायचे आहे त्याच्याशी गाठ पडू न देणे, याला मी कसोटी म्हणणार नाही. ती वेठ आहे. खेळाडू खिळून राहतो तो वेठीत आनंद असतो म्हणून नव्हे, तर अखेरच्या दारापलीकडचे कुतूहल वेठीहून प्रबळ असते म्हणून. याच खेळाच्या दुसऱ्या भागात, २००३ साली, रचनाकारांनी मिशनच्या मध्येच सेव्ह करण्याची मुभा दिली. मात्र ती मोजकीच ठेवली. या बदलाने खेळाची धार गेली असे म्हणणारे लोक आजही भेटतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्यांश आहे, आणि तो कोठे आहे हे नीट पाहिले पाहिजे, कारण पुनरावृत्ती सर्वत्र निरर्थक असते असे माझे मत नाही.

मागच्या वाटेवर जे केले ते पुढे वाहून येते की नाही, हा पुनरावृत्तीला लावण्याचा निकष आहे. आय.जी.आय.मध्ये पूर्वार्धात लागलेली गोळी उत्तरार्धात कमी झालेल्या शक्तीच्या रूपाने सोबत येत असे, उधळलेली काडतुसे परत मिळत नसत. म्हणून पूर्वार्ध नुसता पार करणे पुरेसे नव्हते, तो काटकसरीने पार करावा लागे, आणि जोवर त्या काटकसरीत सुधारणेला वाव होता, तोवर पुनरावृत्ती ही कसोटीच होती. वाव संपला त्या क्षणी तिची वेठ झाली. जॉर्डन मेकनर यांच्या १९८९ सालच्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया'त हे तत्त्व फार सुंदर रीतीने साधले आहे. तेथे राजकन्येला सोडविण्यासाठी साठ मिनिटांची मुदत. राजपुत्र मेला तर तेवढी लेव्हल पुन्हा, पण घड्याळ मागे जात नाही. म्हणजे चूक दुरुस्त करता येते, पण तिची फेड मिनिटांत करावी लागते, आणि सेव्ह केले तरी उरलेली मिनिटे नोंदीत तितकीच राहतात. यातली कोणतीही पुनरावृत्ती फुकट नाही. लेव्हल पार करणे आणि लेव्हल वेळेत पार करणे या दोन निराळ्या विद्या आहेत हे खेळाडूला हळूहळू उमगत जाते.

याच्या उलट, मागचे काहीच पुढे येत नसेल, तर चेकपॉइंट, म्हणजे हरल्यावर जेथून पुन्हा सुरुवात होते ती ठिकाणे, दूर ठेवणे समर्थनीय नाही. फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी संस्थेच्या २०११ सालच्या 'डार्क सोल्स'मध्ये बलाढ्य शत्रूकडून हार पत्करल्यावर दूरच्या शेकोटीपासून पुन्हा तेथवर धावत जावे लागे, आणि पुष्कळदा ती धाव म्हणजे वाटेतल्या शत्रूंना चुकवीत पळणे एवढीच असे. त्याच संस्थेने २०२२ सालच्या 'एल्डन रिंग'मध्ये अनेक मोठ्या लढतींच्या अगदी जवळ पुनरागमनाची ठिकाणे बसविली. लढती सोप्या झाल्या नाहीत. मधली वेठ तेवढी गेली. काठिण्याबद्दल ज्यांची ख्याती जगभर आहे त्यांनीच हा निवाडा दिलेला आहे.

३. चूक स्वस्त झाली की काय होते

आता प्रचलित मताला ज्याने सर्वांत मोठा तडा जातो त्या गोष्टीकडे वळू. दंड कमी केला की खेळ सोपा होतो असे मानले जाते; प्रत्यक्षात दंड कमी केल्यामुळेच रचनाकाराला खेळ अधिक कठीण करता येतो. २०१० सालचा 'सुपर मीट बॉय' आणि २०१८ सालचा 'सेलेस्ट' हे दोन खेळ घ्या. दोहोंत खेळाडू मेला की डोळ्याचे पाते लवते न लवते तोच त्याच छोट्या पटाच्या आरंभी उभा असतो. गमावले जातात ते काही क्षण. आणि त्या प्रत्येक पटात मागितलेली अचूकता इतकी निर्दय आहे, की जुन्या पद्धतीने तीन जीव देऊन हा खेळ समोर ठेवला असता, तर तो शेवटपर्यंत नेणारा माणूस विरळाच सापडला असता. शेकडो वेळा मरून डोंगर चढणाऱ्या 'सेलेस्ट'च्या खेळाडूला खेळ सोपा होता असे म्हणून पाहा, म्हणजे दंड आणि काठिण्य यांतला भेद त्याच्या उत्तरावरूनच कळेल.

४. अमर्याद माघारीने काय हरवते

येथवरचे वाचून कोणी म्हणेल, की मग माघार अमर्याद द्यावी आणि मोकळे व्हावे. येथेच मी दुसऱ्या पक्षापासून अलग होतो.

१९९८ सालच्या 'हाफ-लाइफ'मध्ये, आणि त्याच्या आगेमागे आलेल्या संगणकावरील बहुतेक नेमबाजीच्या खेळांत, एका कळीसरशी सेव्ह आणि दुसऱ्या कळीसरशी परत, अशी सोय असे. या सोयीचा परिणाम खेळणाऱ्याच्या चित्तवृत्तीवर काय होतो याचा विचार करावा. कोपऱ्याआडून डोकावण्यापूर्वी सेव्ह; डोकावले, गोळी लागली, परत; पुन्हा डोकावले, या वेळी चुकविली, सेव्ह. क्रमाक्रमाने खेळाडू अंदाज बांधणे सोडून देतो, कारण अंदाजाची गरज प्रत्यक्ष प्रयोगानेच भागते आणि प्रयोगाला काही किंमत पडत नाही. ज्या प्रसंगाला कल्पकतेने तोंड द्यायचे, तो प्रसंग शक्यतांची यादी एकेक करून खोडण्याचे कारकुनी काम होऊन बसतो.

याहून मोठे नुकसान आणखी एक आहे. उत्तम खेळातला अवीट क्षण बहुधा तो असतो, की जेव्हा बेत फसलेला आहे, घंटा वाजली आहे, काडतुसे संपत आली आहेत, आणि तरीही खेळाडू कसाबसा, आयत्या वेळच्या युक्तीने निभावून जातो. बेत फसला तरी जीव गेलेला नाही, अशी ही मधली अवस्था असते. आणि माघार फुकट असली, की खेळाडू या अवस्थेत एक क्षणही थांबत नाही, घंटा वाजताच परत फिरतो. त्याच्या खात्यावर निर्दोष वाटचालींची नोंद जमा होते, पण सांगण्यासारखी हकिकत एकही राहत नाही. २०१२ सालच्या 'एक्सकॉम'मध्ये वेळोवेळी नाव देऊन वाढविलेला शिपाई एका फसलेल्या चढाईत कायमचा जातो, आणि तो गेला म्हणून उरलेल्यांचे पुढचे डाव वेगळे होतात. तो शिपाई परत फिरून जिवंत करणाऱ्याला विजय मिळतो, पण तो ज्या खेळाचा विजय आहे तो खेळ पुष्कळच लहान असतो.

माघारीवर अंकुश कसा ठेवावा याची चांगली उदाहरणे कमी नाहीत. १९९६ सालच्या 'रेझिडेंट ईव्हिल'मध्ये सेव्ह करण्यासाठी टंकलेखन यंत्र गाठावे लागे आणि प्रत्येक नोंदीला शाईची एक फीत खर्ची पडे. फिती मोजक्या, आणि सोबतच्या सामानात त्या जागाही अडवीत. सेव्ह आता करावे की आणखी दोन दालने धोका पत्करावा, हा निर्णय त्यामुळे खेळाबाहेरचा न राहता खेळातला झाला. २००३ सालच्या 'सँड्स ऑफ टाइम'मध्ये राजपुत्राला काळ काही क्षण उलटा फिरविता येई, पण त्यासाठी वाळू खर्च होई. आणि २००८ सालच्या 'ब्रेड'ने तर काळ वाटेल तितका मागे नेण्याची मुभा देऊन कोड्यांचे सगळे काठिण्य विचारात ठेवले. चपळाईचा तेथे प्रश्नच उरला नाही. तीन रचना, तीन प्रमाणे, आणि तिन्ही आपापल्या जागी योग्य. माघारीच्या बाबतीत सर्वांना लागू पडेल असा एक नियम नाही असे मी म्हणतो ते यामुळेच.

५. तहकुबी मात्र बिनशर्त

तहकुबीची गोष्ट वेगळी. तिच्या बाबतीत एकच नियम पुरेसा आहे, आणि तो बुद्धिबळाने फार पूर्वी घालून दिला होता. जयश्री, वासंती आणि रोहिणी या खाडिलकर भगिनींनी ज्या काळात महाराष्ट्राचे नाव बुद्धिबळात गाजविले, त्या काळी लांबलेला डाव तहकूब करण्याची रीत सर्वत्र होती. ज्याची खेळी असे तो ती पटावर न खेळता कागदावर लिहून लिफाफ्यात बंद करी, लिफाफा पंचाच्या स्वाधीन होई, आणि ठरलेल्या वेळी पट पुन्हा मांडून ती खेळी उघडली जाई. त्याच बुद्धिबळात हात लावलेले मोहरे खेळलेच पाहिजे हा दंडकही होता आणि आहे. म्हणजे तहकुबी पुरी, माघार शून्य. बुद्धिबळ यामुळे सोपे झाले असे कोणाच्याही मनात आले नाही. पुढे संगणक तहकूब डावाचे विश्लेषण करू लागले आणि १९९०च्या दशकात ही रीत मागे पडली. पण तो प्रश्न दोन प्रतिस्पर्ध्यांमधील समतोलाचा होता, एकट्याने खेळायच्या खेळात तो उद्भवत नाही.

संगणकावरील खेळांतही ही कल्पना नवी नाही. १९८० सालचा 'रोग', ज्याच्या नावावरून पुढे खेळांचा एक अख्खा वर्ग ओळखला जाऊ लागला, त्यात डाव केव्हाही जतन करून जाता येई. परत येऊन तो उघडला, की जतन केलेली नोंद नष्ट होई. पात्र मेले की मेले. तहकुबी आणि माघार यांची फारकत इतक्या स्वच्छपणे करणारी युक्ती पंचेचाळीस वर्षांपूर्वी उपलब्ध होती, हे ध्यानात घेतले म्हणजे नंतरच्या रचनाकारांना तिचा विसर कसा पडला याचे आश्चर्य वाटते.

आता धाराशिव जिल्ह्याकडे वळतो. २००५ साली राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन महावितरण अस्तित्वात आले, त्या सुमाराच्या वर्षांत भारनियमन हा मराठवाड्यातील जीवनक्रमाचा भाग होता. पुढे वीजवाहिन्यांचे गळती आणि वसुली यांवरून ए ते जी असे गट पाडले गेले, आणि ज्या गटात गळती अधिक त्या गटाच्या वाट्याला अंधाराचे तास अधिक, असा हिशेब ठरला. गट कोणता हे खेळणाऱ्या मुलाच्या हाती नव्हते. उमरगा, कळंब, परंडा अशा गावी तासाचे पैसे भरून आय.जी.आय.चे मिशन खेळणारा मुलगा अखेरच्या दारापाशी पोहोचला आणि लाइट गेली, की त्याचे जे नुकसान होई ते गोळी लागून मेलेल्या खेळाडूच्या नुकसानीशी तंतोतंत सारखे असे. गोळी लागणे आणि लाइट जाणे या दोन घटनांत त्या खेळाला भेद कळत नव्हता. कसबाच्या उणिवेला दंड द्यावा हे मान्य. परंतु ज्या अपयशाशी खेळाडूच्या कसबाचा काडीमात्र संबंध नाही, त्यालाही तोच दंड लावणारा नियम न्यायाचा कसा म्हणावा?

आणि नियमांत हा अन्याय असला, की त्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही, हे विशेष. ज्याच्या घरी अखंड वीज आहे, स्वतंत्र खोली आहे, हाक मारणारे कोणी नाही, त्याला तहकुबीची उणीव जाणवतही नाही; म्हणूनच त्याला निर्बंध हे शुद्ध काठिण्य वाटते. याउलट, शेतीपंपाला थ्री-फेज वीज कधी दिवसा तर कधी रात्री, अशा पाळीने मिळत आली आहे. वाशी-भूमकडच्या शिवारात रात्रीच्या पाळीची वाट पाहत मोबाइलवर खेळत बसलेल्या तरुणाला लाइट येताच मोटार चालू करून बारे धरायला उठावे लागते. स्वयंपाक उरकता उरकता दहा मिनिटे खेळणारी गृहिणी, गिऱ्हाईक आले की फोन खाली ठेवणारा दुकानातला नोकर, यांचीही स्थिती तीच. ज्या खेळाला उठून जाणे मंजूर नाही, तो खेळ यांना कठीण नाही, बंद आहे.

परदेशी उदाहरणेही हेच सांगतात. २०१८ सालच्या फेब्रुवारीत आलेल्या 'किंगडम कम' या झेक खेळात सेव्ह करण्यासाठी एक विशिष्ट मद्य प्यावे लागे, नाही तर अंथरूण गाठावे लागे. माघार महाग करण्याची ती कल्पना उत्तम होती, पण उठून जाणाऱ्याचे हाल होत. लोकांनी ओरड केली, आणि पुढच्या सुधारणेत बाहेर पडताना नोंद करण्याची सोय आली. मद्याची अट तशीच राहिली. २०२१ सालच्या एप्रिलअखेरीस आलेल्या 'रिटर्नल'मध्ये एकेक फेरी दोन-दोन तास चाले आणि मध्ये सोडून जाता येत नसे. त्याच वर्षी ऑक्टोबरात फेरी तहकूब करण्याची, आणि परत येताच ती नोंद बाद होण्याची, तजवीज झाली. या बदलांनंतर हे दोन्ही खेळ होते तितकेच कठीण राहिले. 'डार्क सोल्स'ची गोष्ट तर बहुतेकांना ठाऊक असूनही तिचा अर्थ कोणी लावीत नाही. निर्दयतेचा आदर्श मानला गेलेला हा खेळ प्रत्येक पावलाची नोंद आपण होऊन ठेवतो, आणि बाहेर पडून परत आलेल्या खेळाडूला सोडल्या जागी उभे करतो. निर्बंधांचे पुरस्कर्ते ज्याचा दाखला देतात तो खेळच माझ्या बाजूचा साक्षीदार आहे.

६. आक्षेप आणि त्यांची उत्तरे

पहिला आक्षेप: नको असेल त्याने सेव्ह करू नये, इतरांची सोय का काढता? हा आक्षेप माघारीसंबंधी आहे आणि वरवर बिनतोड वाटतो. पण खेळाचा नियम आणि खेळाडूचा संयम या वेगळ्या वस्तू आहेत. नियम बाहेरून येतो, म्हणून त्याच्या चौकटीत माणूस सारी बुद्धी निर्धास्तपणे जिंकण्याकडे लावू शकतो. संयम पाळायचा असेल तर त्याच माणसाला एकाच वेळी खेळाडू आणि पंच व्हावे लागते, आणि ऐन अडचणीत पंच म्हणून स्वतःविरुद्ध निकाल द्यावा लागतो. बुद्धिबळात खेळी परत घेऊ नये हे आपण खेळाडूच्या सदसद्विवेकावर सोपवीत नाही. मात्र आरंभीच निवड करण्याची सोय, 'एक्सकॉम'मधील माघार बंद करणाऱ्या आयर्नमॅन या प्रकारासारखी, असेल तर तिला मी हरकत घेणार नाही. कारण तेथे निवड एकदाच होते आणि मग ती नियम बनते.

दुसरा आक्षेप: तहकुबी दिली की लबाड लोक नोंदीची प्रत काढून ठेवतील आणि तिची माघार करतील. करतील खरे, 'रोग'च्या काळापासून करीत आले आहेत. पण एकट्याने खेळायच्या खेळात ही लबाडी दुसऱ्या कोणाचे काही हिरावीत नाही. थोड्या लबाडांना अडविण्यासाठी असंख्य प्रामाणिकांचे तास जप्त करावेत, ही कोणत्या दप्तरातली रीत? शिवाय माघार निष्फळ करण्याचे याहून चांगले उपाय आहेत. 'एक्सकॉम'मध्ये पुढे पडणाऱ्या दानांचे बीजच नोंदीत साठविलेले असते, त्यामुळे परत फिरून तीच चाल त्याच क्रमाने खेळली तर निशाणा पुन्हा तसाच चुकतो.

तिसरा आक्षेप तंत्राचा आहे आणि तो मी गंभीरपणे घेतो. प्रत्येक शत्रू कोठे उभा आहे, कोणती गोळी हवेत आहे, कोणते दार अर्धवट उघडे आहे, हे सारे जसेच्या तसे साठवून पुन्हा उभे करणे कष्टाचे काम आहे. शिवाय भलत्या क्षणी झालेली नोंद खेळाडूला सुटकाच नसलेल्या अवस्थेत कायमचे अडकवू शकते. ठरावीक जागी आपोआप सेव्ह करणारी पद्धत यासाठी सोयीची, आणि पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या 'राजी'सारख्या लहान संघाच्या कृतीत तीच असावी हे समजण्यासारखे आहे. अशा वेळी माझी अपेक्षा इतकीच, की चेकपॉइंट जवळजवळ असावेत, म्हणजे उठून जाणाऱ्याचे जाईल ते मिनिटांत मोजता यावे. पूर्वी टीव्हीला जोडायच्या ज्या कॅसेटवर 'मारिओ' आणि 'काँट्रा' आपल्याकडे घरोघर खेळले गेले, तीत नोंद साठवायला जागाच नव्हती. ती अडचण खरी होती. १९८६ साली जपानात 'ड्रॅगन क्वेस्ट'च्या कर्त्यांनी अशाच अडचणीत खेळाडूला अक्षरांचा एक मंत्र वहीत उतरवून घ्यायला लावून मार्ग काढला. ज्यांच्याजवळ साठवणीला काही नव्हते त्यांनी तहकुबीची तजवीज केली. ज्यांच्या यंत्रांत आज अफाट जागा आहे त्यांनी सबब सांगू नये.

चौथा आक्षेप कर्त्याच्या स्वातंत्र्याचा: आपली कृती एका बैठकीत अनुभवली जावी असे त्याला वाटत असेल तर? त्याने तसे अवश्य सुचवावे, एका बैठकीत संपेल एवढीच कृतीही रचावी. परंतु वाचकाने पुस्तक मध्येच मिटले तर वाचलेली पाने पुसून टाकण्याचा अधिकार कोणत्याही कादंबरीकाराने आजवर मागितलेला नाही.

७. विकत मिळणारी माघार

एका प्रकाराची दखल थोडक्यात घेतो, कारण त्याची चर्चा काठिण्याच्या नावाखाली होते आणि तो काठिण्याचा विषयच नाही. २०१२ सालच्या 'कँडी क्रश'मध्ये पाच जीव, गेलेला जीव अर्ध्या तासाने परत, थांबवत नसेल त्याने पैसे मोजावेत. 'सबवे सर्फर्स'मध्ये पडलेल्याला किल्ल्या खर्चून तेथूनच पुढे धावता येते, आणि एकाच धावेत ही किंमत दर वेळी चढत जाते. येथे माघारीला किंमत आहे, पण 'रेझिडेंट ईव्हिल'मधील शाईची फीत खेळातच शोधावी लागते आणि ही किंमत खिशातून जाते. ज्या रचनाकाराचे उत्पन्न खेळाडूच्या चुकण्यावर अवलंबून आहे, तो चुकीचा दंड खेळाच्या हितासाठी ठरवील असे मानायला मला आधार दिसत नाही.

८. तहकुबीची मर्यादा

तहकुबी बिनशर्त असावी असे मी म्हटले. तिला एक मर्यादा आहे आणि ती सांगितल्यावाचून हे विवेचन पुरे होणार नाही. आज या जिल्ह्यातील तरुण मोबाइलवर जे ऑनलाइन सांघिक खेळ खेळतात, बीजीएमआय आणि फ्री फायर मॅक्ससारखे, त्यांत तहकुबी संभवतच नाही. चौघांचा चमू मैदानात उतरलेला आहे, समोर दुसरे चमू आहेत, आणि एकाला मोटार चालू करायला जायचे म्हणून इतरांचा डाव गोठविता येत नाही, कारण आता वेळ एकट्याचा उरलेला नाही. दुसऱ्याचा वेळ गुंतला की हक्काचे रूपांतर कराराच्या बाबीत होते. असे असले तरी रचनाकाराची जबाबदारी संपत नाही. तुटलेला खेळाडू चालू डावात परत येऊ शकतो, ही सोय आज आहे. ती क्षीण नेटवर्कवरही टिकेल अशी हवी. नेटवर्क गेल्यामुळे बाहेर पडलेला आणि हार दिसताच पळालेला यांना एकाच मापाने क्रमवारीत खाली ढकलणे हे जुन्या आय.जी.आय.च्याच चुकीचे नवे रूप आहे, आणि एखाद्याचा संबंध नेमका कसा तुटत आला आहे याची नोंद सर्व्हरजवळ असताना तो भेद करणे अशक्य नाही. अर्ध्या तासाच्या डावाबरोबर आठ-दहा मिनिटांचे डावही त्याच मानाने क्रमवारीत धरले गेले, तर ज्याच्या हाती सलग अर्धा तास कधीच नसतो त्यालाही चढायला शिडी मिळेल. आणि रात्रीच्या पाळीचा पंप ज्याच्याकडे आहे त्याने चौघांत बसण्यापूर्वी बाकीच्या तिघांना तसे सांगून ठेवावे; तिघांनीही ते जाणूनच त्याला सोबत घ्यावे.